एआय बसवलं, पण माणसं त्याच्यासोबत काम का करत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या ट्रस्टच्या रुग्णालयात छातीचे एक्स-रे वाचणारं एआय बसवून काही महिने झाले. ज्येष्ठ फिजिशियन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. नवीन दोन मेडिकल ऑफिसर ते जे सांगेल त्यावर सही करतात. टेक्निशियन गर्दीच्या दिवशी फिल्म त्यात पाठवतच नाही. विश्वस्त विचारताहेत की वापर सक्तीचा करावा, की प्रत्येक केसमागे काही भत्ता द्यावा. तुम्हाला मात्र जाणून घ्यायचंय की लोकांनी आपणहून एआयशी सहकार्य करावं यासाठी नेमकं काय लागतं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत असं सॉफ्टवेअर सुरू करून देण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, आणि तेही मुख्यतः टीबीसाठी. त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देते. बँकेत किंवा कारखान्यात हेच लागू पडेल असा माझा दावा नाही, तरी माणसाचा स्वभाव तिथेही फार वेगळा नसावा.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट मला खटकली. फिजिशियन आणि टेक्निशियन सहकार्य करत नाहीत आणि दोन तरुण डॉक्टर करतात, असा तुमचा सूर आहे. माझ्या हिशेबाने यांच्यापैकी कोणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त काळजी करण्यासारखं वागणं त्या दोन तरुण डॉक्टरांचं आहे. यंत्र बरोबर असेल तेव्हा त्याचं ऐकणं आणि चुकत असेल तेव्हा त्याला अडवणं, या दोन्ही गोष्टी जिथे होतात तिथेच सहकार्य आहे असं मी म्हणते. रोज किती फिल्म सॉफ्टवेअरमधून गेल्या हा आकडा विश्वस्तांच्या बैठकीत छान दिसतो, पण त्यातून यातलं काहीच कळत नाही.

काय करावं हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पहिली, एक्स-रे कोणाचे आहेत? खोकला, ताप घेऊन ओपीडीत आलेल्यांचे, की गावात शिबिर लावून हातात धरायच्या एक्स-रे मशीनने काढलेले? शिबिरात फिल्म वाचायला डॉक्टरच नसतो, तिथे यंत्र एकट्याने निवड करतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये, 15 वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांची टीबीसाठी तपासणी करताना वाचणाऱ्या माणसाच्या जागी असं सॉफ्टवेअर वापरता येईल असं सांगितलं, ते मुख्यतः अशा ठिकाणी उपयोगी पडतं. ओपीडीत डॉक्टर समोर बसलेला असतो, तिथे प्रश्न दोघांनी मिळून काम करण्याचा आहे. दुसरी गोष्ट, एआयने संशय दाखवल्यावर थुंकीची तपासणी तिथेच होते का? तुमच्याकडे ट्रूनॅट, म्हणजे थुंकीतला टीबी तपासणारं छोटं यंत्र, असेल तर अहवाल त्याच दिवशी मिळू शकतो. नमुना जिल्ह्याला जाऊन अहवाल यायला आठवडा लागत असेल, तर तोवर कोणाचं म्हणणं खरं होतं हे सगळे विसरून गेलेले असतात. तिसरी, फिल्म वाचायला रेडिओलॉजिस्ट रोज आहे, की आठवड्यातून एकदा येतो? मी असं धरून चालते की ओपीडीचं काम आहे, ट्रूनॅट आहे आणि रेडिओलॉजिस्ट नाही. तालुक्याला बहुतेक असंच असतं.

टेक्निशियनचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, म्हणून तो आधी घेते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर जायचं, लॉगिन करायचं, नाव-वय पुन्हा टाइप करायचं आणि मग फिल्म चढवायची, असा खटाटोप असेल तर बाहेर रांग लागलेली असताना कोणीही तो टाळणारच. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डमध्ये 1970 च्या दशकात मायसिन नावाची प्रणाली तयार झाली होती. रक्तातल्या जंतुसंसर्गावर आणि मेंदूज्वरावर कोणतं अँटिबायोटिक द्यावं हे ती सुचवायची, आणि चाचण्यांत तिचे सल्ले तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. तरीही ती वॉर्डात कधी वापरली गेली नाही. त्याची कारणं अनेक होती, पण एक अगदी साधं होतं. डॉक्टरला टर्मिनलसमोर बसून प्रश्नांच्या लांबलचक यादीची उत्तरं टाइप करावी लागत. सल्ला कितीही चांगला असला तरी तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

तेव्हा एक्स-रे मशीनमधून फिल्म आपोआप सॉफ्टवेअरकडे जाईल अशी जोडणी पुरवठादाराकडून करून घ्या. मोबाइलने फिल्मचा फोटो काढून चढवण्याची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, कारण फोटोत प्रत उतरते, चुका वाढतात आणि त्या चुका एआयच्या नावावर जमा होतात. यासोबत टेक्निशियनला एक अधिकार द्या. सॉफ्टवेअरने दिलेला संशयाचा आकडा, म्हणजे स्कोअर, ठरलेल्या रेषेच्या वर आला तर डॉक्टरांकडे परत न पाठवता त्यानेच रुग्णाच्या हातात थुंकीची डबी द्यायची. रुग्ण एकदा गावी गेला की पुन्हा येईलच असं नसतं, त्यामुळे वैद्यकीय दृष्टीनेही हे योग्य आहे. आणि टेक्निशियनलाही कळतं की आपण फिल्म पाठवली म्हणून पुढे काहीतरी घडलं. एरवी त्याच्या वाट्याला यातलं फक्त वाढीव काम येतं.

फिजिशियनकडे मी जास्त वेळ देते. अशा डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाच विचारते की सर, तुमचा विश्वास कोणत्या फिल्मवर उडाला? जवळजवळ नेहमी एखादी विशिष्ट फिल्म असतेच, आणि ती बऱ्याचदा जुन्या टीबीची असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पूर्ण उपचार घेतलेला माणूस, फुप्फुसाचा वरचा भाग आकसलेला, चुन्याचे डाग पडलेले. यंत्र त्याला मोठा स्कोअर देतं. ज्या डॉक्टरांनी आयुष्यभर असे रुग्ण पाहिले, त्यांना ते बालिश वाटतं. त्यांचं निरीक्षण बरोबरच आहे. ढाक्यात जवळपास 24,000 लोकांच्या एक्स-रेवर पाच वेगवेगळी सॉफ्टवेअर तपासून पाहिली गेली, तो अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. पण वयस्कर लोकांत आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांत पाचही कमी पडली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कंपनीचा माणूस पहिली तेवढी सांगतो, तुमच्या सरांना दुसरी दिसते, आणि दोघांचं बोलणं कधी जुळत नाही.

इथे माणसाच्या मनाचा एक भाग लक्षात घ्यायला हवा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डिटवोर्स्ट, सिमन्स आणि मॅसी या संशोधकांनी 2015 मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की गणिती पद्धत चुकलेली एकदा डोळ्यांनी पाहिली की लोक तिला सोडून माणसाच्या अंदाजाकडे वळतात, अगदी ती पद्धत माणसापेक्षा कमी चुकते हे समोर दिसत असतानाही. माणसाची चूक आपण त्या दिवसापुरती धरतो. यंत्राची चूक पाहिली की ते मुळातच बिनकामाचं आहे असं मनात बसतं. त्याच तिघांनी पुढे, 2018 मध्ये, यावरचा उपायही मांडला. यंत्राच्या अंदाजात थोडासा बदल करायची मुभा दिली की लोक ते वापरायला बरेच जास्त तयार होतात. विशेष म्हणजे ही मुभा किती मोठी आहे याने फारसा फरक पडला नाही. अगदी थोडी असली तरी पुरली.

आपल्या क्षेत्रात ही मुभा आधीपासूनच हाताशी आहे, फक्त कोणी वापरत नाही. सॉफ्टवेअर शून्य ते शंभर असा काहीतरी स्कोअर देतं आणि कुठल्या आकड्याच्या वर संशयित म्हणायचं हे आपण ठरवायचं असतं. ही रेषा म्हणजे चाळणीची भोकं. समजा हजार जणांत दहा जणांना टीबी आहे. रेषा खाली ठेवली तर दहापैकी नऊ सापडतील, पण थुंकी तपासायला दोनशे जण पाठवावे लागतील. वर नेली तर शंभरच पाठवावे लागतील, पण सापडतील आठ. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्याकडचे वेगळे निघतील.) यात योग्य उत्तर एकच असं नसतं. तुमच्याकडे ट्रूनॅटच्या चिप किती येतात, लॅबमध्ये माणसं किती आहेत, एक रुग्ण सुटण्याची किंमत तुम्ही काय धरता, यावर ते ठरतं. हे सगळं तुमच्या फिजिशियनना माहीत आहे. ते कंपनीच्या माणसाला माहीत नाही, तरी बसवताना आकडा त्याने टाकला आणि सरांना कोणी विचारलंही नाही. मग सरांनी त्या स्कोअरला आपलं का मानावं?

म्हणून एक दुपार मोकळी काढा. ज्यांची थुंकी तपासून झाली आहे अशा तुमच्याच रुग्णालयातल्या दोन-तीनशे फिल्म, त्यांचे स्कोअर आणि ट्रूनॅटचे निकाल समोर ठेवा, आणि रेषा कुठे असावी हे सरांना ठरवू द्या. एक सावधगिरी मात्र घ्या. ज्यांचा स्कोअर कमी आला म्हणून थुंकी तपासलीच नाही, त्यांच्यातले किती सुटले हे या कागदावर दिसणार नाही. त्यामुळे काही आठवडे कमी स्कोअरच्या, पण लक्षणं असलेल्या काही रुग्णांचीही थुंकी तपासा, नाहीतर यंत्र आहे त्याहून चांगलं भासेल. पूर्वी टीबी झालेल्यांसाठी वेगळा नियम लिहा, की आधी जुनी फिल्म शोधायची, शेजारी लावायची, मग बोलायचं. आणि कंपनीने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली की रेषा पुन्हा तपासायची, कारण जुन्या आवृत्तीतला साठ आणि नव्यातला साठ एकच असेल याची खात्री नसते. हे काम सरांच्या हाताखालून गेलं की स्कोअर त्यांना परका राहत नाही. मुभा दिल्यावर ते यंत्राविरुद्ध जास्त निर्णय देतील ही विश्वस्तांची भीती मला अनेक ठिकाणी ऐकायला मिळाली. मी पाहिलंय ते उलट आहे. रेषा स्वतः आखलेला डॉक्टर स्कोअर उघडून पाहतो, आणि पाहिल्यावर बऱ्याच वेळा तो मानतोही.

आता ते दोन तरुण डॉक्टर. कोलोनच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 27 रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचायला दिले आणि काही ठिकाणी एआयचं म्हणून मुद्दाम चुकीचं उत्तर दाखवलं. एआय बरोबर असताना कमी अनुभवाच्या डॉक्टरांची सुमारे 80 टक्के उत्तरं बरोबर येत होती. ते चुकीचं असताना हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास आलं. खूप अनुभवी असलेल्यांचंही सुमारे 82 वरून 45 वर घसरलं. हा अभ्यास मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, कारण 'डॉक्टर आहेतच ना शेवटी बघायला' या वाक्यावर आपण किती भरवसा टाकतो ते त्यातून दिसतं. डॉक्टरचे डोळे तिथे असतात, पण उत्तर आधी दिसलं की ते त्याच उत्तराचा पुरावा शोधू लागतात. संशयाची जागा दाखवायला सॉफ्टवेअर फिल्मवर रंगीत डाग टाकतं, ते तर आणखी फसवतात. लाल भागाकडे नजर जाते आणि हृदयामागची सावली राहून जाते.

यावर मी सांगते तो उपाय जुनाच आहे. आधी स्वतःचं मत लिहायचं, 'संशय आहे', 'नाही' किंवा 'सांगता येत नाही', एवढंच, आणि मग स्कोअर उघडायचा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर आधी झाकून ठेवता येतो, नसेल तर साध्या रजिस्टरवरही भागतं. याला वेळ लागतो हे मान्य, पण छातीच्या एका फिल्मसाठी तो अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. आणि याशिवाय ते दोघे पाच वर्षांनीही फिल्म वाचायला शिकणार नाहीत, ही माझी खरी चिंता आहे. शिबिरात हा नियम लावू नका, तिथे त्याचा उपयोग नाही.

ते दोघे असे का वागतात हेही पाहायला हवं, कारण त्यात तुमच्या रुग्णालयाचा वाटा आहे. यंत्राने संशय दाखवला, डॉक्टरने 'नाही' म्हटलं आणि पुढे टीबी निघाला, तर सगळे त्या डॉक्टरला विचारतात. यंत्राने 'नाही' म्हटलं, डॉक्टरने मान डोलावली आणि टीबी निघाला, तर 'एआयमध्येही आलं नव्हतं' म्हणून प्रकरण मिटतं. नोकरीवर नव्याने लागलेला माणूस यातून काय शिकेल? मान डोलावण्यातच सुरक्षितता आहे, हेच. सरांचं याच्या बरोबर उलट आहे. त्यांच्या नावाला वजन आहे, त्यांना कोणी जाब विचारत नाही, म्हणून यंत्राकडे न बघण्याची त्यांना काहीच किंमत पडत नाही. सहकार्य कशाने वाढतं असं मला एका वाक्यात विचारलंत तर मी म्हणेन, चुकल्यावर कोणाला काय विचारलं जाणार हे आधी ठरलेलं असण्याने. अचूकतेचे आकडे, प्रशिक्षण, पोस्टर, हे सगळं त्यानंतर येतं.

तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने एक पान लिहून काढा. कारण नोंदवून यंत्राविरुद्ध दिलेला निर्णय चुकला तरी त्यावरून कोणाला मेमो मिळणार नाही. यंत्राशी सहमत होऊन चूक झाली तर तीही तितक्याच गंभीरपणे पाहिली जाईल. आणि दर आठवड्याला अर्धा तास, ज्या फिल्मवर माणूस आणि यंत्र यांचं जमलं नाही तेवढ्याच, ट्रूनॅटच्या निकालासह सगळ्यांनी मिळून बघायच्या. सर, दोन्ही मेडिकल ऑफिसर, टेक्निशियन आणि जमलं तर टीबी विभागाचे सुपरवायझरही. कधी यंत्र बरोबर निघतं, कधी सर. सरांना आपल्या नजरेतून सुटलेला रुग्ण यंत्राने पकडलेला दिसतो, तरुणांना यंत्र कुठे हमखास फसतं ते कळतं. निकाल परत येऊन वाचणाऱ्याला दिसणं याइतकी असरदार गोष्ट मला या कामात दुसरी सापडलेली नाही. आपल्या बहुतेक रुग्णालयांत तो निकाल निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर जातो आणि फिल्म वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

भत्त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. अमेरिकेत मॅमोग्राम वाचायला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरला 1998 मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी विमा त्यासाठी जादा पैसे देऊ लागला. वापर झपाट्याने पसरला. पण 2007 मध्ये 43 केंद्रांच्या माहितीवरून दिसलं, की हे सॉफ्टवेअर आल्यावर बायॉप्सी जवळपास 20 टक्क्यांनी वाढल्या, आणि अचूकता एकंदरीत कमी झाली. 2015 मध्ये तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासातही निदान सुधारल्याचं दिसलं नाही. पैशाने बटण दाबलं जातं, विचार होतोच असं नाही. सक्तीचंही तेच. सक्ती करायचीच तर फिल्म पाठवण्यापुरती करा, यंत्राचं ऐकण्याची कधीच नको.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण टेक्निशियनच्या मनात ती असणार. 2016 मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआयमधला मोठा संशोधक म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं. ते भाकीत खरं ठरलं नाही, पण भीती राहिली. स्वीडनमध्ये 80,000 स्त्रियांवर झालेल्या मॅमोग्रामच्या मोठ्या चाचणीत एआयमुळे फिल्म वाचण्याचं काम 44 टक्क्यांनी घटलं, आणि कर्करोग कमी नव्हे, थोडे जास्तच सापडले, अशा बातम्या 2023 पासून लोक वाचताहेत. तुमच्याकडे वाचलेल्या वेळाचं काय होणार हे विश्वस्तांनी तोंडाने सांगायला हवं. एक माणूस कमी करणार असाल तर सहकार्याची अपेक्षा करू नका, ती रास्तही नाही. कमी करणार नसाल तर तसं लेखी द्या.

यंत्राबद्दल माणसाला मुळात ओशाळेपणा वाटत नाही हेही ध्यानात घ्या. म्युनिक आणि लंडनच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं, की सामंजस्याच्या खेळांत समोर एआय असला तर तो आपल्याशी नीट वागेल असं लोक धरून चालतात, पण स्वतः त्याच्याशी नीट वागण्याचं बंधन त्यांना माणसासमोर वाटतं तेवढं वाटत नाही. म्हणून 'यंत्राला साथ द्या' या आवाहनाला अर्थ नाही. तुमचा टेक्निशियन फिल्म पाठवेल तो डबी हातात घेऊन थांबलेल्या रुग्णासाठी आणि आठवड्याच्या बैठकीत शेजारी बसणाऱ्या सरांसाठी.

सुरुवात करायची तर पहिल्या महिन्यात फक्त जोडणी आणि अधीक्षकांच्या सहीचं ते पान. दुसऱ्यात सरांसोबत रेषा ठरवणं आणि बैठक सुरू करणं. तिसऱ्या महिन्यानंतर मी तीन आकडे बघेन: डॉक्टरांनी यंत्राशी असहमती किती वेळा नोंदवली, त्यात किती वेळा डॉक्टर बरोबर निघाले, आणि संशयितांपैकी किती जणांची थुंकी खरोखर तपासली गेली. असहमती शून्य असेल तर काम बिघडलेलं आहे असं समजा. दोन्ही मेडिकल ऑफिसरांच्या नावासमोर काही 'नाही' दिसायला लागले आणि त्यातले निम्मे जरी बरोबर निघाले, तर पुढे जा. तिसरा आकडाच कमी असेल तर एआयचा विषय तूर्त बाजूला ठेवून ट्रूनॅटच्या चिप आणि लॅबच्या माणसाची सोय आधी करा. एवढे आकडे हातात आले की मला पुन्हा लिहा, पुढचं बोलता येईल.